कापसाचा दगड

वाळा वाजला. एकदाच. मी टाक उचलून पाळण्याकडे पाहिलं. तुझा पाय झोपेतच हलला होता, बाकी घर चिडीचूप. आत्याबाई, म्हणजे तुझी आजी, दुपारच्या झोपेतून उठेपर्यंतचा वेळ माझा आहे. तुझी पाच वर्षांची बहीण शकुन माझ्या पाठीला पाठ लावून चिंध्यांची बाहुली गुंडाळत बसली आहे.

माणिक, तू मोठी झालीस की लोक तुला सांगतील, तुझ्या आईनं भर अमरावतीत नाटक बुडवलं. कापसाला भ्याली म्हणतील. सांगणारे तेच असतील, जे त्या दिवशी गाद्यांवर बसून रडले. म्हणून मी आत्ताच लिहून ठेवते. माझ्या बापाची नजर अधू झाली तेव्हा पोथी वाचून दाखवायला कोणी हवं, म्हणून त्यांनी बाळापुरात मला अक्षरं शिकवली. ती अशी कामाला येतील हे त्यांना कुठलं ठाऊक!

परमुलखात कुठंशी लढाई लागली आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. तीन वर्षांमागं मी आणि आत्याबाई कंबर वाकवून वावरात कापूस वेचत होतो. भाव चढला तशा मामंजींच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आणि आम्हां बायांपुढं चिकाचा पडदा आला. जे तोंड साऱ्या गावानं उन्हात करपताना पाहिलं, ते आता कोणाच्या नजरेस पडायला नको!

मग मोठ्या लोकांसारखं नाटकही पाहायला हवं. दक्षिणेकडची एक मंडळी आली, तिचा म्होरक्या आपल्या ओसरीवर येऊन बसला. आम्ही दाराआड.

"कृष्णजन्माचा खेळ आहे," तो म्हणाला. "टोपलीत घालून यमुनेपार न्यायला एखादं शांत मूल मिळालं तर खेळाला रंग चढेल."

मामंजी म्हणाले, "आमची नातच घेऊन जा ना! चार महिन्याची हाये. रडतच नाई पोट्टी."

"मुलगी?"

"दुपट्यात काय दिसते? देव म्हना, देव होते."

त्या चार महिन्यांत मामंजींनी तुला एकदाही हातात घेतलं नव्हतं. दुसरीही पोरगीच, म्हणून.

मी आत्याबाईंच्या कानाशी लागले. त्यांनी दाराआडून विचारलं, "पुढं तो कंस लेकरू आपटते, तवा?"

म्होरक्या हसला. "त्याला लाकडी बाहुली आहे, आई. टोपलीचा प्रवेश संपला की तुमचं बाळ तुमच्या मांडीवर."

"झालं समाधान?" आत्याबाई मला म्हणाल्या. "चाल आता, शेवया उकळून राहिल्या."

खेळ ठेवला तो एका अडत्याच्या कापसाच्या आवारात. चहूकडं गाठी रचलेल्या, त्यामुळं मशालीला बंदी. म्हणून कृष्णजन्माची मध्यरात्र भर दुपारी झाली. सूत्रधार गात होता, अंधार दाटला, पाऊस कोसळला. आणि ऊन असं की देवकीच्या गालावरचा सफेता घामानं ओघळून खालचे खुंट दिसत होते. वसुदेवाच्या पुढं एक जण विझलेली मशाल धरून ठेचकाळत चालत होता. लोक मात्र माना डोलवत होते. पैसे मोजले होते ना, मग रात्र दिसायलाच हवी!

मधोमध कंसाची शिळा होती. दाबाच्या यंत्रातून निघालेली कापसाची एक गाठ आडवी टाकून तिच्यावर काळं फडकं घातलेलं. आरंभी विदूषक आला, त्यानं तिच्यावर काठी हाणली. काठी ठण्णकन् उडून त्याच्याच नाकावर आली. सारे हसले. मी नाही हसले. दाबाची गाठ म्हणजे काय ते मला माहीत आहे. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, लाकडासारखी टणक. गेल्या दिवाळीत शकुन खेळता खेळता असल्याच गाठीवर पडली, तिची भुवई फुटली. व्रण अजून आहे.

तुला टोपलीत आणलं तेव्हा मात्र मी सगळं विसरले. पिवळ्या दुपट्यातून तुझी मूठ तेवढी वर आली होती. वसुदेवानं टोपली डोक्यावर घेतली आणि आवार उठून उभं राहिलं. अडत्ये फेट्याच्या शेवानं डोळे पुसू लागले. आम्ही बाया ओट्यावर चिकाच्या आत होतो, तिथं आत्याबाईंनी पदर पसरून तुला हात जोडले. तू जन्मलीस तेव्हा पाचवीला ज्यांनी पाटा पुजायचाही कंटाळा केला, त्याच या! मला हसू आलं आणि त्याच वेळी दूध दाटून चोळी भिजली. म्हटलं, आता झालं, आता आणतील.

आणलं नाही. वसुदेवानं टोपली यशोदेपाशी ठेवली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि तीच टोपली पुन्हा उचलली. एवढ्यात तू कृष्ण होतीस ती यशोदेची लेक झालीस. मथुरेला परत जाणारी, कंसाला द्यायची. आता कोणी उठून उभं राहिलं नाही. कोणाचा पदर पसरला नाही.

मी मनाला सांगत होते, बदलली असेल. आत बाहुली असेल.

कंस आला. त्याचं ओरडणं असं की आवाराबाहेरचे बैल दावी ओढू लागले. त्यानं टोपलीतून पिवळं दुपटं उचललं, एका हातानं वर धरलं, आणि वाळा वाजला.

लाकडाच्या बाहुलीला कोण वाळे घालतं?

"आत्याबाई, माणिक हाये ते!"

"बस खाली. लोक पायतात."

"फेकतील तिले!"

"कापूस हाये ना खाली. बस म्हनते ना!" त्यांनी माझा पदर धरला.

पदर त्यांच्या हातात राहिला. चिक बाजूला सारून मी चार पायऱ्या उतरले. गाद्यांवरच्या पुरुषांचे पाय पटापट आत ओढले गेले. तुझे बाप मामंजींच्या शेजारी बसले होते. ते अर्धे उठले आणि मामंजींकडे पाहून पुन्हा बसले. हेही लिहून ठेवते.

मी नाटकाच्या फळ्यांवर चढले. "द्या," म्हटलं.

कंसानं आवाज खाली आणला. जवळून तो अगदी कोवळा पोरगा होता, खोट्या मिशांचा. "बाई, असं काय करता? खाली कापूस आहे. अलगद टाकतो. बाहुलीची मान प्रवासात मोडली हो."

"कापूस हाये? मंग तुमचं डोकं आपटून पाहा आधी."

पुढच्या गाद्यांवर हशा पिकला. कोणी ओरडलं, "वा! देवकी भारी हाये यांची!" माझ्या पायाशी एक रुपयाही येऊन पडला. त्यांना मीही नाटकच वाटले.

कंसाला मात्र काही तरी कळलं असावं. त्यानं मोकळ्या हाताची मूठ त्या काळ्या फडक्यावर मारली. मारली आणि तशीच ठेवली. रंगाखाली त्याचा चेहरा उतरला. बिचारा कापूस न पिकणाऱ्या मुलखातला, त्याला वाटलं कापूस म्हणजे उशी. त्यानं तुला दोन्ही हातांनी धरून माझ्या खांद्यावर दिलं. "माझ्या ध्यानात आलं नाही, ताई," म्हणाला. त्या दिवसात माझ्याशी माणसासारखं एवढंच कोणी बोललं, आणि तोही कंस.

तू रडली नव्हतीस. माझ्या गळ्याशी आल्यावर रडलीस.

मी पायऱ्या चढते आहे तोच मागं शिडीवरून देवी गरजली, "दुष्टा, तुझा वैरी गोकुळात वाढतो आहे!" कोणाला आपटलं नव्हतं, कोणी हातातून निसटलं नव्हतं. पण तो माणूस लुगडं नेसून केव्हाचा उन्हात शिडीवर लटकला होता, त्यानं तरी किती वाट पाहायची? लोकांनी टाळ्या दिल्या. असल्या खेळाला तीन गावचे लोक गाड्या जुंपून आले होते. ज्या देवकीच्या दाढीचे खुंट दिसत होते तिच्यासाठी ते ढसाढसा रडले, आणि चिकाबाहेर येऊन खऱ्या आईनं तिचं लेकरू मागितलं तर तिच्यापुढं रुपया फेकला.

घरी आल्यावर मामंजी एकदाच बोलले, तेही भिंतीकडे पाहून. "कापूस होता तो. कापसानं काय होते? साऱ्या बाजारात नाक कापलं माहं."

हा माणूस आयुष्यभर प्रत्येक गाठ बोटानं ठोकून पाहिल्याशिवाय पुढं गेला नाही. आज अकरा दिवस झाले, ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. आत्याबाई घेतात, पण भांडं माझ्याकडे न पाहता ठेवतात. मंडळी अकोल्याला गेली. तिथं नवी बाहुली घेतली का, हे विचारणारं कोणी असेल तर बरं.

तू मात्र त्या दिवसापासून माझं बोट मुठीत धरल्याशिवाय झोपत नाहीस. आता झोपलीस तेव्हाही डाव्या हाताचं बोट तुझ्या मुठीत ठेवून मी उजव्यानं लिहायला बसले.

शकुनची बाहुली गुंडाळून झाली. ती माझ्या मांडीवर कोपर टेकून कागदाकडे पाहते आहे.

"आई, कंसानं धरली ते पोरगी कोनाची होती?"

"यशोदेची."

"मंग यशोदा काहून नाई आली, तुह्यासारखी?"

"झोपली होती गं ती. तिले कळलंच नाई."

शकुन आपल्या भुवईवरच्या व्रणावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आन उठल्यावर? उठल्यावर तिनं कोनाले इचारलं नाई, माही पोरगी कुठी हाये म्हनून?"