डावीकडची तिसरी कमान

"बाबा, गाइडच्या पुढे पळू नका. तो काय सांगतोय ते ऐकू या तरी," लेक म्हणाली.

म्हातारा कसला ऐकतोय! चाळीस वर्षं पाथरवटाचं काम केलेल्या माणसाला जुनी इमारत दुसऱ्याने दाखवायची म्हणजे जरा अतीच झालं. पण लेक दोन वर्षांनी घरी आलेली, तीही चारच दिवसांसाठी. तो मुकाट्याने घोळक्यात शिरला. आज तिला डावीकडची तिसरी कमान दाखवायची होती. त्या कमानीच्या माथ्याचे पाच दगड माझे, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. "झालं यांचं सुरू," म्हणून तिची आई हसायची आणि मायलेकींचं एकमत व्हायचं. आई ती कमान न बघताच गेली. कामाच्या धबडग्यात तिला इथे आणायचं राहूनच गेलं, याची त्याला फार रुखरुख होती. निदान लेकीने तरी बघावी.

गाइडच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. पहिल्या राजाने खालचे जाडजूड खांब उभे केले. त्याला हरवणाऱ्याने त्यावर कमानी चढवल्या, नातवाने विटांचा मजला चढवला, आणि शेवटी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांनी येऊन उंच खिडक्या बसवल्या. एकाच सदऱ्याला चार शिंप्यांचे हात लागावेत तसा प्रकार, पण बसला होता झकास.

तिसरी कमान आली. म्हाताऱ्याने लेकीचं कोपर धरलं. "हीच."

"ही नीट बघा," गाइड म्हणाला. "दुरुस्तीचा दगड बोटभर आत बसवतात. नवं ते नवं दिसलं पाहिजे, असा नियमच आहे. बाकी कमानींत असे दगड दिसतील. हिच्यात एकही नाही. सातशे वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. असं काम आज कोणाच्या बापाला जमायचं नाही."

नियम म्हाताऱ्याला ठाऊक होता. दुरुस्ती चालू असताना इंजिनिअरने दोनदा बजावलं होतं. पण इतका सुरेख जमलेला दगड मुद्दाम आत ढकलायचा, हे त्याच्या जिवावर आलं. त्याने पाचही दगड जुन्यांच्या रेषेत बसवले, जुन्यांसारखेच छिन्नीचे घाव घातले आणि वरून माती चोळली. इंजिनिअर बघून गेला, जुनेच दगड पुन्हा बसवलेत असं त्यालाही वाटलं. स्वतःच्या हातावर कोण खूश झाला होता म्हातारा त्या दिवशी!

"बाबा, तुम्ही तर म्हणायचात..." लेक हळूच म्हणाली.

"अहो, ऐका जरा," म्हाताऱ्याने गाइडला हाक मारली.

"एक मिनिट हं, आजोबा. तर नियम मोडून केलेली दुरुस्ती सापडली, की ती सरळ फोडून काढतात. वरच्या मजल्यावर मागच्याच महिन्यात काढली. हं, काय विचारत होतात?"

म्हाताऱ्याची नजर माथ्याच्या पाच दगडांवर गेली. "काही नाही. छान सांगता तुम्ही."

घोळका पुढे सरकला. लेक तिथेच थांबली. "मग तुमचं काम कुठलं, बाबा?"

तिच्या कानात सांगता आलं असतं. पण ही आईच्या वळणावर गेलेली, पोटात काही म्हणून राहायचं नाही. खरं कळलं असतं, तर बापाच्या कौतुकापायी तिने तिथल्या तिथे गाइडला गाठलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत फोनवरून गावभर केलं असतं.

"मी चुना कालवायला होतो गं," तो म्हणाला. "पोरांना सांगताना माणूस थोडं वाढवून सांगतो."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने त्याचा हात हातात घेतला. "असू दे हो. चुन्याशिवाय दगड बसतो होय?"

"नाही बसत," म्हातारा म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला तो उगीच खांब बघत राहिला.

"उभे राहा इथे, फोटो काढते."

तो कमानीखाली उभा राहिला. तिने मोबाईल धरला, जवळ आली, पुन्हा मागे सरकली.

"बाबा, तुम्ही नीट आलात तर कमान कापली जातेय."

"कमान सगळी येऊ दे," तो म्हणाला. "मी नाही आलो तरी चालेल."