लिटरला नऊ

थाप तशी लहानच होती. गाडीमागे जोडायची ती चाकांवरची खोली, म्हणजे ट्रेलर, चष्मेवाल्याने विकत घेतला तेव्हा साडू सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पांढरा हत्ती आणलात. हे धूड ओढताना गाडी देणार किती?" गाडी देत होती लिटरला सहा. चष्मेवाला म्हणाला, "नऊ." झालं! दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर पावानेही चुकू न देणारा हा माणूस, पण साडू समोर बसला की याची जीभ सैल सुटायची. मग ते नऊ सांभाळत बसा. टायरमध्ये हवा भरून येतो म्हणायचं आणि गुपचूप डिझेल टाकून यायचं. बायकोने कधी शंका घेतली नाही. नवरा म्हणाला नऊ, म्हणजे नऊ.

त्या दुपारी दोघं तळ्याकाठी ट्रेलर लावून निवांत बसले होते, तेवढ्यात साडूचा फोन आला. बायकोच्या धाकट्या बहिणीच्या मेंदूत रक्ताची गाठ निघाली होती. संध्याकाळी ऑपरेशन. पुन्हा शुद्धीवर येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. ताई आल्याशिवाय मला आत नेऊ नका, एवढंच ती म्हणत होती.

चहाचे कप तसेच ट्रेलरच्या सिंकमध्ये टाकून ते निघाले. स्टिअरिंग बायकोच्या हातात. मध्यंतरी याच्या छातीत दुखलं होतं. रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला आणि "स्नायू आखडलाय, बाकी काही नाही" असं त्याने घरी येऊन सांगितलं. तरी लांबच्या रस्त्याला ती त्याला गाडी देत नसे.

घाटाच्या अलीकडे पंप आला. बाहेरपर्यंत ट्रक लागलेले.

"अहो, केवढी ही रांग. टाकीत पाव तरी आहे. नऊच्या हिशोबाने आरामात पोचतो ना?"

आता इथे बोलायला काय झालं होतं? पण याने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. सांगितलं तर दोन वर्षांची फुशारकी उघडी पडणार, आणि तीही आज.

"पोचतो," तो म्हणाला.

पंप मागे गेला. घाट उतरेपर्यंत दुसरा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चढ लागला, मागचं धूड गाडीला खेचू लागलं आणि काटा खाली यायला लागला.

"जरा हळू घे. वाऱ्याला ट्रेलर अडतो, डिझेल जास्त खातं."

"हळू? तिला ठरल्याआधीच आत नेतायत म्हणून आत्ता मेसेज आला," ती म्हणाली आणि तिने ॲक्सिलरेटर दाबला.

जोरात जावं तर वाटेतच बंद पडणार, हळू जावं तर वेळ टळणार. लाल दिवा लागला तेव्हा तो एकदाचा बोलला.

"नऊ नाही देत. सहा देते. पहिल्यापासून सहाच."

तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. "आणि पंपावर?"

"लाज वाटली गं."

वळणापुढे रस्त्याच्या कडेला सपाट जागा होती, तिथे तिने गाडी घेतली. खाली उतरून ट्रेलरच्या चाकांना दगड लावले, दिव्यांची वायर काढली, हूक सोडला. तो मदतीला गेला तर म्हणाली, "तुम्ही वजन उचलू नका." एवढ्या घाईतही.

"रिकामी गाडी पोचेल," ती म्हणाली. "हे असं वळणावर बेवारस सोडता यायचं नाही. कुणीतरी धडकेल. तुम्ही थांबा."

गाडी दिसेनाशी झाली. तो ट्रेलरमागे हातात लाल फडकं धरून उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक ट्रकला फडकं दाखवत होता आणि मनात एकच चाललं होतं, पोचू दे, तेवढं पोचू दे. माझ्या एका थापेपायी ती पोरगी ताईची वाट बघत आत जायला नको. ट्रेलरमध्ये सिंकमधले कप फुटले होते. त्याने ते उचललेही नाहीत.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला.

"भेटले," ती म्हणाली. "माझा हात धरूनच दारापर्यंत गेली."

त्याला रडूच फुटलं. फोनमध्ये तिच्या मागून कुणाचं तरी स्ट्रेचर सरकत गेल्याचं ऐकू आलं.

"एक विचारू? तुमचा तो छातीचा रिपोर्ट. काही नाही म्हणालात. तेही नऊच होतं का?"

"नाही गं. ते खरं आहे. अगदी खरं."

"हं," ती म्हणाली.

"डॉक्टरांना विचार हवं तर. कागद दाखवतो ना घरी गेल्यावर. स्नायूच होता, शपथ सांगतो."

तो खरंच बोलत होता. पण साडूला नऊ सांगताना लागला होता तसाच ठाम आवाज लागला होता त्याचा, आणि तो त्याला स्वतःलाही ऐकू येत होता.