जेठासमोर

अभिमन मास्तर स्वतःला सुधारलेला माणूस समजत, आणि गावही तसंच समजे. सुरतेला कामाला असलेल्या धाकट्या भावाचं, दीपकचं, तीन महिन्यांचं लेकरू हिवाळ्यात गेलं. तेव्हापासून भावजय कोकिळा जेवेना, झोपेना. आई वच्छलाबाईंनी भगताचं नाव काढलं, तर मास्तरांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. डोकं दुखलं तर डॉक्टर आणि मन दुखलं तर भगत का, असं त्यांनी ठणकावलं आणि स्वतः भावजयीला घेऊन धुळ्याला मनाच्या डॉक्टरकडे आले. इथवर मास्तरांचं खरोखर कौतुक करावं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानातही आली नाही. त्यांच्या घरात सून जेठापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, तोंड उघडत नसे. लग्न झाल्यापासून कोकिळा त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही हवं असलं तर सासूच्या कानात सांगायची.

"झोप लागते का?" डॉक्टर प्राचीबाईंनी तिला विचारलं.

कोकिळेने पदर पुढे ओढला. "थोडी कमी आहे," मास्तर म्हणाले.

"रडू येतं?"

"आधी यायचं. आता सावरलीय."

"जगणं नकोसं वाटतं?"

"छे छे! आमच्या घरात तसलं काही नाही."

वर्गात दुसऱ्याचं उत्तर सांगणाऱ्या पोराचा कान पिळणारा हा माणूस! शेवटी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मास्तरांना ते लागलं, पण गेले.

बऱ्याच वेळाने त्यांना आत बोलावलं. "त्या दोनदा विहिरीपर्यंत जाऊन आल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना आजच इथे दाखल करा. घरी नेण्यासारखी अवस्था नाही."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली, पण क्षणभरच. मग डोक्यात भलतंच सुरू झालं. सुनेला मनाच्या दवाखान्यात ठेवलं हे गावात, पारोळ्यात कळलं तर? व्याही काय म्हणतील?

"दीपकला विचारतो. सोमवारी आणतो," ते म्हणाले.

"सोमवार फार लांब आहे, मास्तर."

"आज तेवढ्या गोळ्या लिहून द्या."

डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. मास्तर ऐकेनात. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन त्यांनी दार उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नाना."

त्यांनी वळून पाहिलं. कोकिळेच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"माले घर नका ली जावा, नाना. तठे माले मरानाच इचार येतस."

एवढा धीर गोळा करताना त्या पोरीच्या जिवाचं काय झालं असेल! आणि मास्तरांना काय दिसलं? भर दवाखान्यात सून जेठाशी बोलली, एवढंच. दाराबाहेर बाकावर बसलेली माणसं माना वळवून बघू लागली. मास्तरांची कानशिलं तापली.

"पदर ले," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "लोके देखी ऱ्हायनात."

तिने पदर घेतला. ती त्यांच्यामागे चालू लागली. एसटीत त्यांनी तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः रीतीप्रमाणे मागच्या बाकावर बसले. गाडी धुळ्याबाहेर पडली, तोच आईचा फोन आला.

"काय म्हनस डॉक्टर?"

"गोया दिध्यात."

"नि ती?"

मास्तरांनी पुढच्या बाकाकडे पाहिलं. त्यांना हायसं वाटलं.

"बरी शे आते," ते म्हणाले. "गुपचूप बठेल शे."