श्रेयाचा तलावावरचा बेत

रामकिसनची श्रेया दहावीला होती, उस्मानपुऱ्यातल्या कर्णबधिरांच्या शाळेत. परीक्षा झाली की वर्गातली मुलं चार दिशांना पांगणार, म्हणून त्याआधी सगळ्यांनी तलावाकाठच्या उद्यानात तंबू ठोकून एक रात्र काढायची, असं तिनं मनावर घेतलं. बाई सोबत यायला तयार होत्या. परवानगी मात्र तूच आण, म्हणाल्या. तेव्हा शेंद्र्याच्या कंपनीत सुट्टी टाकून रामकिसन लेकीबरोबर उद्यानाच्या कचेरीत गेला.

तिथले व्यवस्थापक अप्पाराव भले गृहस्थ होते. त्यांनी दोघांना बसवलं, चहा सांगितला. पण मुलं कोणत्या शाळेची ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. दिवसा सहल काढा, रात्रीचं नको, असं ते समजावू लागले. पाण्याच्या कडेला कुणी गेलं तर पहारेकरी शिट्टी वाजवतो.

"ती यांना ऐकू कशी जाणार? आणि अंधारात काही झालं तर एकमेकांना उठवणार कसं? तुम्हीच सांगा."

साहेबांचं म्हणणं रामकिसनला पटतच होतं. त्यानं ते सगळं खुणांनी श्रेयाला सांगितलं आणि चल, निघू, म्हणून उठलाही. श्रेया उठली नाही. बापाचा हात धरून तिनं त्याला खाली बसवलं आणि खूण केली, मी बोलते, तू फक्त यांना सांगत जा.

मग तिचे हात चालू लागले आणि रामकिसन तिचं बोलणं तोंडानं सांगत गेला. पाण्यापासून बरंच अलीकडे रंगीत फडक्यांची रांग लावायची. तिच्या पलीकडे कुणी जायचं नाही. पहारेकऱ्यानं शिट्टीऐवजी बॅटरी चमकवायची. तंबू एकमेकांना लागून ठोकायचे, सगळ्यांमधून एकच दोरी न्यायची आणि जो तो ती मनगटात अडकवून झोपेल. एकानं ओढली की सगळे जागे.

अप्पाराव ऐकत होते, पण काही केल्या हो म्हणेनात. तेव्हा श्रेयानं पिशवीतून दोरी काढली, एक टोक त्यांच्याच मनगटात अडकवलं, त्यांना डोळे मिटायला लावले आणि दुसरं टोक घेऊन ती बाहेर व्हरांड्यात गेली. झटका बसला तसे अप्पाराव खुर्चीत दचकले, आणि मग खळखळून हसले.

"आणखी काय लागेल, विचारा तिला," ते म्हणाले.

तंबूंजवळचा खांबावरचा दिवा रात्रभर चालू ठेवा, एवढंच तिनं मागितलं. आम्ही हातांनी बोलतो. उजेड गेला की गप्पा बंद. परवानगी तिथंच मिळाली.

परतीच्या बसमध्ये दोघांचे चाललेले हात बघून शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, पोरीला ऐकू येत नाय का. एरवी रामकिसन 'जरा कमी येतं' म्हणून खिडकीबाहेर बघायचा. आज तो सरसावून बसला.

"नाय येत," तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला. "पर सगळा वर्ग घेऊन तलावावर मुक्कामाला निघालीय. समदा बंदोबस्त तिचाच हाय."

काय सांगतोयस, म्हणून श्रेयानं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं शब्द न् शब्द तिला खुणांनी सांगितला. पुढच्यामागच्या सीटवरची माणसं वळून बघत होती, तरी त्याचे हात आखडले नाहीत.