ओला साचा

साच्याच्या तोंडाशी मुबारकने काच धरली आणि क्षणात ती वाफेने धुरकटली. म्हणजे आत अजून ओल होती. आतलं मेण भट्टीत वितळून केव्हाच वाहून गेलं होतं. त्याच्या रिकाम्या जागेत आता भट्टीत वितळून तयार असलेलं ब्राँझ ओतायचं होतं, पण श्रावणातल्या हवेत साचा काही केल्या सुकत नव्हता.

"अजून दोन दिवस भाजावा लागेल," तो म्हणाला.

उरणकडच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी प्रभाकर सकाळपासून खुर्ची टाकून बसला होता. सोसायटी उभी करणाऱ्या दीनानाथांचा पुतळा नारळी पौर्णिमेला बसायचाच होता.

"मुबारकभाई, परवाही तुम्ही हेच म्हणालात. पत्रिका वाटून झाल्या. आता गावात काय तोंड दाखवू?"

बहारीनच्या गोदीत जहाजांचे पंखे ओतण्यात मुबारकची बारा वर्षं गेली होती. परत आल्यावर पळस्प्याजवळ त्याने ही लहानशी फाउंड्री टाकली. वय अठ्ठावन्न. आठवडाभर तो रोज नाही म्हणत आला होता, फोनवर आणि समोरासमोर. आज तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "ओतू या."

गणूने वळून पाहिलं. दहा वर्षं मुबारकबरोबर काम करणारा गणू दीनानाथांच्याच गावचा. काच त्यानेही पाहिली होती. पण काही न बोलता तो वितळलेल्या धातूची मूस उचलायला पुढे झाला.

पहिली धार शांतपणे आत गेली. मग साच्याच्या पोटात काहीतरी गुरगुरलं आणि वाफेने लालभडक ब्राँझ उलट वर फेकलं. प्रभाकर खुर्चीसकट मागे पडला. दोघांनी मूस कशीबशी खाली टेकवली, तोवर गणूच्या बुटात तापलेला गोळा शिरला होता.

पनवेलच्या दवाखान्यात पाय बांधून झाला. महिनाभर जमिनीला टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुबारक बाकावर त्याच्या शेजारी बसला.

"साचा ओला आहे हे मला ठाऊक होतं, गणू."

"मला पन ठावं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी आठ दिस बोलत व्हता, कोनी आयकलं?" गणूने डोळे मिटले. "मी पन दमलोय, मुबारकभाई."

गणूने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुबारकला वाटलं. त्याने तिथूनच प्रभाकरला फोन लावला. "पौर्णिमेला पुतळा मिळणार नाही. चूक माझी आहे, तसंच सांगा गावाला."  प्रभाकरने आधी गणूचा पाय कसा आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी मुबारकने साचा फोडला. दीनानाथांच्या छातीची चाळण झाली होती आणि उजवा हात तर आलाच नव्हता. त्याने पुतळ्याचे तुकडे पाडून वितळवायला बाजूला ठेवले आणि पुन्हा मेण तापवायला घेतलं. पौर्णिमेला गावाने चौथऱ्यावर फोटो ठेवून भागवलं.

पुतळा बसला तो नवरात्रात. बूट अजून पायात जात नव्हता, म्हणून गणू चपला घालून गेला आणि पहिल्या रांगेत बसला. आमंत्रण मुबारकलाही होतं, पण तो गेला नाही. दुपारी जेवून तो जरा आडवा झाला, आणि संध्याकाळ झाली तरी त्याच्या बायकोने, फरिदाने, त्याला उठवलं नाही; किती दिवसांनी तो असा गाढ झोपला होता.