जाते नव्हे, येते

सिनेमावाले बेल्स क्रॉसिंगला आले तेव्हा गावाने त्यांना जावयासारखं डोक्यावर घेतलं. अलाबामातलं एवढंसं गाव, दुसऱ्या गावचा पाद्री आला तरी तिथे चार दिवस चर्चा चालते. इथे तर ट्रकच्या रांगा लागल्या, दिवे आले, तारा आल्या आणि या सगळ्यांवर हुकूम सोडणारी डेट्रॉइटची जोसेलिन बेकफर्ड आली. दिग्दर्शिका, वय अडतीस आणि रंगाने गावासारखीच काळी, म्हणजे आपल्यातलीच. बायकांनी तिला रोज तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव इतका खाऊ घातला की चौथ्या दिवशी ती जेवायच्या सुट्टीत लपून बसू लागली.

१९६५ साली माउंट नेबो चर्चमधून चाळीस काळी माणसं मतदार यादीत नाव नोंदवायला कचेरीवर चालत गेली होती आणि त्यासाठी पाच दिवस तुरुंगात पडली होती. त्याचाच हा सिनेमा. चर्चमधली गर्दी म्हणून गावातलीच म्हातारी मंडळी घेतली होती आणि लंडनची नटीसुद्धा आठ दिवसांत त्यांच्यासारखी बोलायला शिकली होती. सगळा गाव हरखून गेला होता.

व्हर्डेल टॉलिव्हर तेवढी पहिल्या दिवसापासून घुश्श्यात होती. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई गेली तीस वर्षं पांढरे हातमोजे घालून माउंट नेबोच्या दारात उभी राहायची, आलेल्या माणसाला कोपराला धरून त्याच्या जागेवर नेऊन बसवायची आणि प्रवचनात डुलक्या काढणाऱ्यांच्या हातात पंखा कोंबायची. भल्याभल्यांना ती नुसत्या नजरेने गप्प करत असे. सिनेमात तिला चौथ्या बाकावर बसवलं होतं. ती बसली होती खरी, पण निखाऱ्यावर बसल्यासारखी.

कारण पटकथेत लोटी नावाची एक स्वयंपाकीण होती. मोर्चा निघायच्या ऐन वेळी तिचं धैर्य गळतं आणि ती तोंड लपवून चर्चमधून पळून जाते. नाव लोटी ठेवलं म्हणून काय झालं? गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की ही अल्मेडा टॉलिव्हर, व्हर्डेलची आई. पन्नास वर्षं ही गोष्ट गावात फिरली आणि पन्नास वर्षं व्हर्डेलने ती गिळली. तोंडची गोष्ट आहे, तोंडाबरोबर मरेल, असं ती मनाला समजावायची. पण पडद्यावर गेलेली गोष्ट मरत नाही. आज दुपारी ते दृश्य टिपलं की आई जगाच्या डोळ्यांत कायमची पळपुटी ठरणार होती.

आणि गोष्ट सांगणारा माणूस कोण, तर चर्चचे कारभारी, डीकन ओबेडाया क्रेनशॉ. कुणी लबाड माणूस असता तर व्हर्डेलने त्याला कधीच सरळ केला असता. पण डीकन बावीस वर्षांचे असताना त्या मोर्च्यात पहिल्या रांगेत चालले होते. शेरीफच्या दंडुक्याने त्यांचे दोन दात गेले, आणि सुटून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते पुन्हा कचेरीवर गेले. अशा माणसाला खोटं कसं पाडायचं? व्हर्डेल मनातून त्यांना मानत होती, तेच तर दुखणं होतं.

सकाळपासून सभेचं दृश्य चाललं होतं. तिसऱ्यांदा कॅमेरा सुरू झाला आणि तिसऱ्या बाकावरून मंडळीतलीच एक म्हातारी, सिस्टर युला, उठली. उजव्या हाताचं पहिलं बोट तिने वर धरलं, कमरेत वाकली आणि दबक्या पावलांनी दाराकडे निघाली.

"कट!" जोसेलिनने कपाळाला हात लावला. "अहो, आता तुम्ही कुठे निघालात?"

"लघवीला," सिस्टर युला म्हणाली. "दोन वेळा दाबून धरली, बाई. तुझा सिनेमा संपेपर्यंत मी नाही टिकायची."

सगळं चर्च हसलं. जोसेलिनलाही हसू आवरेना. "जा हो, जा. पण ते बोट कसलं? आधीचे दोघेही असंच बोट वर करून गेले. मला वाटलं, एक कप कॉफी मागतायत."

मंडळींनी तिच्याकडे फार कीव येऊन पाहिलं.

"पोरी, तू वाढलीस कुठे?" डीकन म्हणाले. "चर्चमधून मध्येच उठायचं तर विचारून उठावं लागतं. बोट वर करायचं म्हणजे म्हणायचं, देवा, माफ कर, मंडळी, माफ करा."

"नुसतं माफ करा नव्हे," चौथ्या बाकावरून व्हर्डेलने टोकलं. दाराशी तीस वर्षं काढलेल्या बाईला अर्धवट सांगितलेलं खपत नाही. "बोट वर करणं म्हणजे 'येते' म्हणणं. जाते नव्हे, येते. माझी जागा धरून ठेवा."

जोसेलिनने ते लगेच वहीत लिहून घेतलं. तिचा हा गुण म्हाताऱ्यांना आवडायचा. शिकलेली होती, पण शिकायची थांबली नव्हती.

मग लोटीच्या दृश्याची तालीम सुरू झाली. लंडनची नटी एनिटन पांढरा एप्रन बांधून मधल्या वाटेजवळ बसली. पाद्री झालेल्या नटाने "उठा, चला" म्हटल्याबरोबर ती ताडकन उठली आणि तोंडावर हात दाबून धावत सुटली. काम तिने असं केलं की पुढच्या बाकावरच्या एका बाईच्या डोळ्यांना पाणी आलं. व्हर्डेलने मात्र डोळे मिटून घेतले.

"छे, छे!" तेवढ्यात परत आलेली सिस्टर युला दारातूनच ओरडली. "असं उधळल्यासारखं चर्चमधून कुणी जातं का? घराला आग लागली तरी बोट वर करूनच जायचं!"

"ती घाबरली आहे ना पण," एनिटन म्हणाली.

"घाबरली म्हणून काय आईबापांनी शिकवलेलं विसरली?"

जोसेलिन डीकनकडे वळली. "तुम्ही तिथे होता. ती कशी गेली?"

"बोट वर करूनच गेली की," डीकन म्हणाले. "दार मीच उघडलं तिला. पांढरा एप्रन, मान खाली, बोट असं वर. माझ्याकडे बघून जरा मान हलवली आणि..."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं.

व्हर्डेल उठून उभी राहिली. "आईने बोट वर केलं होतं?"

"केलं होतं."

"पन्नास वर्षांत हे एकदाही बोलला नाहीत, डीकन."

"त्यात बोलण्यासारखं काय? सगळेच करतात." डीकन आपल्याच हाताकडे बघत होते. "कुणी दार उघडून आत आला हे सांगतो का आपण?"

"मग मला सांगा, पळून जाणारं माणूस 'येते' म्हणून जातं का? तुम्हाला ती सांगून गेली होती, माझी जागा धरून ठेवा. तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत, ती पळाली."

डीकन बाकावर बसले.

"व्हर्डेलबाई," जोसेलिन जवळ येऊन हळूच म्हणाली, "ती कुठे गेली होती, तुम्हाला माहीत आहे?"

"घरी. मी नऊ वर्षांची होते, ओसरीवर शेंगा सोलत होते. सोमवार होता. आई कामाला होती त्या गोऱ्या डॉक्टरांच्या घरचा स्वयंपाक अर्धा टाकून तशीच सभेला गेली होती. धावत आली आणि कपाटातून रविवारचे कपडे काढून घातले. निळा झगा, हॅट, पांढरे हातमोजे. भ्यायली होती, चांगली भ्यायली होती. मी म्हटलं, आई, हे कपडे कशाला? तर म्हणाली, 'एप्रन बांधून गेले तर कचेरीत विचारतील, ही कुणाची स्वयंपाकीण? मला आज कुणाची म्हणून जायचं नाही.'"

"मग?"

"मग मला हाताला धरून निघाली. घर इथून मैलभर. आम्ही आलो तर चर्च रिकामं. कचेरीपाशी गेलो तर ही सगळी मंडळी बसमध्ये कोंबून नेलेली. रस्त्यावर नुसते जोडे आणि हॅट पडल्या होत्या. आईने मला रस्त्याच्या अलीकडे उभं केलं आणि एकटी पायऱ्या चढली. आतल्या माणसाने तिला बघून दाराला कडी घातली. ती पाच वाजेपर्यंत दारासमोर उभी राहिली. तीन तास. मग कचेरी बंद झाली आणि आम्ही घरी गेलो."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"मी सांगितलं. लोक म्हणाले, लेक आईची बाजू घेते, गुणाची आहे. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्याच काळ्या स्वयंपाकिणींना कामावरून काढलं, त्यामुळे आईची नोकरी गेली त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. आणि आई? तिला विचारलं की म्हणायची, 'मी नाव नोंदवायला गेले होते, नाव काढायला नाही.' मरेपर्यंत याच चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली."

जोसेलिनने पटकथेतलं ते पान काढलं आणि दुमडून खिशात घातलं. तिच्या वरच्या लोकांचे दुपारभर फोन येत होते. एका बाईसाठी वेळापत्रक कसलं बदलतेस, असं ते विचारत होते आणि ती शांतपणे सांगत होती, "एका बाईसाठीच." तिसऱ्या फोननंतर तिने तो बंद करून टाकला. त्या घटकेपासून व्हर्डेलने तिला आपली मानलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता कचेरीपुढचा रस्ता अडवला. एनिटन निळा झगा, हॅट आणि पांढरे हातमोजे घालून आली. तिने व्हर्डेलला एकच विचारलं, "हात कुठे ठेवायचे?" व्हर्डेल म्हणाली, "पर्स दोन्ही हातांनी धरायची, पोटाशी. आणि टेकायचं नाही कशाला." पोरगी पायऱ्या चढली. आतून कडी वाजली. ती दारासमोर उभी राहिली आणि उन्हात तिची पाठ अशी ताठ दिसली की कॅमेऱ्यामागची माणसंसुद्धा पाय हलवेनात.

मंडळी दोरीपलीकडे बघत होती. तेवढ्यात डीकन दोरीखालून आत आले, हॅट काढून हातात घेतली आणि पायऱ्यांकडे चालू लागले. पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. जोसेलिनचं तोंड उघडायच्या आत व्हर्डेल त्यांच्यापाशी पोचली होती.

"डीकन, मागे या."

"एवढं करू दे, व्हर्डेल." म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तिच्या शेजारी उभा राहतो. तेव्हा राहायला हवं होतं मी."

"तेव्हा तुम्ही तुरुंगात होता. तोंडातून रक्त येत होतं तुमच्या. तुम्ही तिथेच असायला हवं होतं." तिने त्यांचं कोपर धरलं. "पण ती एकटी होती. तीन तास एकटी उभी राहिली. तेवढं तिचं राहू द्या, डीकन. त्यात कुणी वाटेकरी नको. मीसुद्धा नको."

डीकननी पाय खाली घेतला. "मग मी कुठे थांबू?"

व्हर्डेल त्यांना रस्ता ओलांडून बियाण्याच्या दुकानाच्या भिंतीपाशी घेऊन गेली. नऊ वर्षांची पोर तीन तास जिथे उभी होती ती जागा तिने पायाने दाखवली. "इथे. इथून बघा."

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. बंद दारासमोर एक बाई उभी होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. डीकन बराच वेळ बघत राहिले. व्हर्डेलने त्यांच्याकडे न बघता विचारलं, "दिसली का?"

"अल्मेडाबाई दिसल्या," डीकन म्हणाले.