टाक्यांची बाजू

मी टायर बोलतोय. या फाटकावर तारेने आवळलेला, रस्त्याकडे तोंड केलेला. येता-जाता तुम्ही माझ्याकडे बघून हसता, काय हौस आहे एकेकाची, म्हणता. हौस नाही ही. आधी ऐका, मग हसा.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. जमिनीला टेकणारा माझा भाग जाड, आतून पोलादी तारांचा. पण माझी बाजू, जिला गॅरेजवाले साइडवॉल म्हणतात, ती पातळ. गाडी चालताना ती सतत दबते, वाकते, पुन्हा फुगते. त्यामुळे तिथे पडलेली चीर कायमची सांधली जात नाही. हे कारखान्याला ठाऊक असतं, दुकानदाराला ठाऊक असतं आणि कॅप्टनलाही ठाऊक होतं. मला काय कल्पना, असं म्हणायला मी त्याला जागा ठेवणार नाही.

कॅप्टन हे मित्रांनी दिलेलं नाव. माणूस फर्निचरच्या दुकानाचा मालक. सुटी आली की जीप काढायची, चांगला रस्ता सोडून दगडधोंड्यांत घालायची आणि चिखलाने माखलेली गाडी आठवडाभर दुकानासमोर मिरवायची, ही त्याची मर्दुमकी. आम्ही चौघे भाऊ एकाच दिवशी त्या जीपला लागलो. आमच्या बाहेरच्या अंगावर मोठी पांढरी अक्षरं होती. गाडीला कधी पाणी लावलं नाही, पण ती अक्षरं मात्र हा गृहस्थ दात घासायच्या ब्रशने घासायचा.

एकदा कोरड्या ओढ्यातून चढताना धारदार दगडाने माझी बाहेरची बाजू फाडली. हातभर उंचीचा मी क्षणात चपटा झालो. मागच्या जीपमधून त्याचा मित्र उतरला. हा दातांचा डॉक्टर.

"स्टेपनी काढ."

"घरी आहे. उगाच वजन वाढतं रे."

"आणि हा गाण्यांचा डबा? तो काय हवेत तरंगतो?"

संध्याकाळ होत आली होती, पाणी संपत आलं होतं. मग डॉक्टरने मला आडवं पाडलं, माझ्या कडेवर दुसऱ्या जीपचं चाक चढवलं, तेव्हा कुठे मी रिमवरून सुटलो. टोच्याने चिरेच्या दोन्ही काठांना भोकं पाडून त्याने तंबूच्या नायलॉन दोरीने मला शिवलं. आतून रबर खरवडून, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवलं. आत एक ट्यूब घातली आणि बेताची हवा भरली.

"नीट ऐक," हात पुसत तो म्हणाला, "हे टाके पक्का रस्ता लागेपर्यंत. सायकलच्या वेगाने जायचं. घरी पोचलास की टायर फेकायचा. दुरुस्त नाही करायचा, फेकायचा."

"दात उपटणाऱ्याने मला टायर शिकवू नये!"

"मी सांगितलंय. पुढे तू जाण."

त्या दुरुस्तीवर माझा राग नाही. अडल्या वेळी केलेलं ते प्रामाणिक काम होतं, आणि त्याने माणसं सुखरूप बाहेर काढली. माझा राग पुढच्यावर आहे.

कॅप्टनने मला फेकलं नाही. एकटा नवा टायर इतरांशी जुळत नाही, अक्षरं वेगळी दिसतात, ही सबब. जीप तशीच दुकान ते घर फिरवली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला खाली वाकायला लावून माझे टाके दाखवले. "असा टाका घातला आणि असा निघालो!" टाका घालणारा डॉक्टर त्या किश्श्यातून केव्हाच गळाला होता.

मग त्याने नवी जीप घ्यायचं ठरवलं, आणि जुनी धाकट्या बहिणीला द्यायचं जाहीर केलं. बहीण घाटाखालच्या गावात शिवणकाम करते. शाळांचे गणवेश शिवून पोचवायला तिला गाडी हवीच होती. नातेवाईक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

आता लक्ष द्या. त्याच दिवसापासून टाक्यांचा किस्सा बंद झाला. आणि त्याच आठवड्यात मी गॅरेजमध्ये गेलो.

"उलटा बसव," कॅप्टन म्हणाला. "टाके आतल्या बाजूला."

"बसवतो," गॅरेजवाला म्हणाला. "पण कुठे माझं नाव घेऊ नका."

दोघांनाही सगळं कळत होतं. माझी शिवलेली बाजू गाडीच्या पोटाकडे गेली, अंधारात.

टाक्यांनी घासून घासून आतली ट्यूब झिजली होती. हवा सोडणं एवढीच माझी भाषा, ती मी बोलू लागलो. रोज सकाळी मी बसायचो, रोज तो पंप मारायचा. त्याची बायको एकदा म्हणाली, "अहो, निदान एवढा एक टायर तरी..." तो म्हणाला, "तू चहा टाक."

गाडी द्यायच्या दिवशी अंगणात सगळे जमले. बहीण दोन मुलींना घेऊन आली होती. त्यांना घेऊन ती घाट उतरणार होती. मुली मागे चढूनही बसल्या, नेमक्या माझ्या डोक्यावर. मी होती नव्हती ती ताकद लावून हवा सोडत राहिलो.

"दादा, टायर बघितलेस ना?"

"अगं, टायरवर आयुष्य गेलं माझं! एकदम कडक आहेत."

ती गाडीभोवती एक फेरी मारून माझ्यापाशी थांबली. "तीन चाकांवर पांढरी अक्षरं आहेत. याच्यावर का नाहीत?"

"पुसली असतील."

"पुसली नाहीत. हा उलटा लावलाय." कापडाची सुलटी-उलटी बाजू बघण्यात जिचा दिवस जातो, तिला आणखी काय सांगायचं? ती जमिनीवर बसली, हात माझ्या मागे घातला. तिची बोटं टाक्यांवरून शेवटपर्यंत फिरली आणि थांबली.

"पोरींनो, खाली उतरा."

मग तिने किल्ली भावापुढे धरली. "दादा, तू चालव. घाटाखालपर्यंत, नेहमीच्या वेगाने. मी शेजारी बसते. मागे तुझी मुलं बसव."

"आत्ता? अगं, दुकानात माणसं खोळंबलीत..."

"दुकान राहू दे. मुलांना बसव."

तो बायकोकडे बघू लागला. तिने दोन्ही मुलांना केव्हाच पाठीमागे ओढून घेतलं होतं.

बहिणीने गाडी घेतली नाही. जॅक लावून मला काढायला लावलं आणि स्वतः तारेने या फाटकावर बांधलं, टाक्यांची बाजू रस्त्याकडे. मग मुलींचे हात धरून ती बस पकडायला निघून गेली. त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

तो पक्कड घेऊन मला सोडवायला येतो. बायको दारातून म्हणते, "राहू दे ते तिथंच." तो पक्कड खिशात घालून परत जातो.

ऊन खाऊन माझं रबर तडकू लागलंय. माझी चिंता करू नका, रस्त्यावरून कुणाला दरीत ढकलण्यापेक्षा इथे तडकणं बरं. तुम्ही एवढंच करा. गाडी कुणी कितीही मायेने देवो, खाली वाका, चाकामागे हात घाला. हाताला टाके लागले तर भांडत बसू नका. किल्ली त्याच्याच हातात ठेवा आणि म्हणा, चल, आधी तुझी माणसं बसव.